तीनला जाग, आखडलेली पाठ आणि चढणारा आवाज: योगाने यातलं काय सुटतं?

विचारलंय ते थोडक्यात असं: वय ४६, बँकेत नोकरी, डोंबिवलीहून रोज लोकलने जाणं-येणं. दुपारनंतर मान आणि पाठ आखडते. रात्री तीनच्या सुमारास जाग येते आणि मग डोळा लागत नाही. घरी बारीकसारीक गोष्टींवरून आवाज चढतो, नंतर वाईट वाटतं. योगाचा क्लास दोनदा लावला, दोनदा महिन्याभरात सुटला. ‘माझं अंग अजिबात वाकत नाही. योगाने खरंच बरं वाटतं, की नुसताच व्यायाम होतो? सकाळ-रात्र मिळून अर्धा तास काढू शकते. त्यात काय करू?’

मी पुण्यात सव्वीस वर्षं योग शिकवते आहे. आधी एका सोसायटीच्या हॉलमध्ये, आता घरच्याच गच्चीवर पत्रे टाकून. पाठ, झोप आणि चिडचिड या तीन तक्रारी एकत्र घेऊन येणाऱ्या बायका इतक्या पाहिल्यात की माझ्या वहीत मी ती एकच तक्रार म्हणून लिहिते. का, ते सांगते.

नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी नुसतं उभं राहायला सांगते. ताडासनही म्हणत नाही, ‘उभ्या राहा’ एवढंच. मग बघत बसते. पायाची बोटं सतरंजी धरून ठेवलेली असतात, पार पांढरी पडेपर्यंत. गुडघे मागे ताणलेले, पोट आत ओढलेलं, खांदे कानांच्या दिशेने निघालेले आणि दाढा एकमेकींवर घट्ट. ‘श्वास घ्या’ म्हटलं की खांदे आणखी वर जातात, पोट हलतच नाही. मी विचारते, ‘दाढा का आवळल्यात?’ तर समोरून हमखास उत्तर येतं, ‘आवळल्यात? मला कळलंच नाही.’

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ‘कळलंच नाही’मध्ये आहे. गर्दीच्या लोकलमध्ये तासभर अंग चोरून उभं राहायचं, मग आठ तास स्क्रीनसमोर मान पुढे काढून बसायचं, मग परत लोकल. शरीर आपोआप आवळून घेतं आणि त्या वेळी ते बरोबरच असतं. घोटाळा पुढे होतो. घरी येऊन पर्स ठेवली, चपला काढल्या, पण ती आवळ काढायची राहून जाते. तीच घेऊन पोळ्या लाटायच्या, तीच घेऊन झोपायचं. मग पाठ धरते, झोप उथळ होते आणि मुलाने टॉवेल पलंगावर टाकला एवढं निमित्त पुरतं.

पतंजलींनी हे फार नेमकं टिपलंय. योगसूत्रांच्या पहिल्या पादात ३१ वं सूत्र आहे: दुःखदौर्मनस्याङ्गमेजयत्वश्वासप्रश्वासा विक्षेपसहभुवः। मन विखुरलं की त्याच्या सोबतीने चार गोष्टी येतात: दुःख, मनाचा विरस, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास. यातल्या पहिल्या दोन मनाच्या, पुढच्या दोन शरीराच्या. मनाला ‘शांत हो’ सांगून ते ऐकत नाही, हे तुम्ही तीन वाजता रोज अनुभवताच. अंग आणि श्वास मात्र हाताशी असतात. तिथून आत शिरता येतं.

आणि शिरायचं कसं? उपाय सांगताना तीनच सूत्रांनंतर ते म्हणतात: प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य। श्वास बाहेर सोडणं आणि तिथे थोपवणं. थोपवण्याचं सध्या सोडून द्या, ते शिक्षकासमोर शिकायचं काम आहे. पण सुरुवात श्वास सोडण्यापासून केलीय, हे लक्षात घ्या. आपल्याला तर ‘दीर्घ श्वास घ्या’ असंच ऐकायची सवय. (त्या सूत्रातला ‘वा’ मला फार आवडतो. ‘किंवा हे करून बघा.’ त्यांचाही हट्ट नाही.)

याची चाचणी तुम्हाला आत्ता बसल्या जागी घेता येईल. एका मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी शोधा. मग सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जवळजवळ येतात, सोडताना अंतर वाढतं. तरुण मुलांमध्ये हा फरक ठळक असतो, वयाबरोबर कमी होतो, पण लक्ष दिलं तर बहुतेकांना सापडतो. मेंदूकडून हृदय, फुप्फुसं आणि पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस आहे, हृदयाला आवरायचं काम तिचं. श्वास सोडताना तिचा जोर वाढतो. म्हणजे लांब उच्छ्वास हा शरीराला ‘आता धोका टळला’ असं त्याच्याच भाषेत सांगण्याचा मार्ग आहे. एरवी बसल्या जागी आपण मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. चार मोजत श्वास घेतला आणि सहा मोजत सोडला तर एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले, तर दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या तालात त्याचा चांगला परिणाम दिसला. आमची आजी दिवेलागणीला रामरक्षा म्हणायची ती एका दमात दोन-दोन ओळी. मोजायला कुणी नव्हतं इतकंच.

मोजायला सुरुवात झाली तीही आपल्याकडेच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं आणि उड्डियान, नौली या पोट आत ओढायच्या आणि फिरवायच्या क्रिया करताना पोटात काय होतं ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं. योगाने अमुक होतं असं कुणी म्हटलं तर ‘मोजलंत का?’ हा प्रश्न आपल्या परंपरेला परका नाही, हे सांगण्यासाठी एवढं.

आता पाठ. मणक्यांच्या मधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. हालचालीने त्या दाबल्या आणि सुटल्या की आजूबाजूचं पोषण आत शिरतं. आठ तास एकाच कोनात बसल्यावर ते होत नाही, शिवाय जांघेतले स्नायू आखूड होऊन कंबरेला पुढे खेचतात आणि पाठीचा वरचा भाग कुबडासारखा गोल होतो. जुनाट कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी करून बघायच्या उपायांत योगाचा समावेश अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये केला. त्याच वर्षी बोस्टनकडे ३२० जणांवर झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. तोडीचा, सरस नव्हे. जवळचा फिजिओथेरपिस्ट चांगला असेल आणि त्याचा गुण येत असेल तर योगासाठी तो सोडू नका.

‘अंग वाकत नाही’ यावर मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण या एका समजापायी मी स्वतः सव्वा वर्ष वाया घालवलंय. एकतिसाव्या वर्षी मला पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, कपाळ गुडघ्याला टेकवायचंच होतं. एक दिवस टेकलं, आणि बसायच्या हाडापाशी, मांडीच्या मागे, कागद फाटावा तसा बारीकसा आवाज आला. पुढे चौदा महिने मला पाटावर सोडा, रिक्षात बसतानाही एका बाजूला कलावं लागायचं. त्या वेळचे माझे शिक्षक माझ्या पाठीवर हात ठेवून दाबत होते, आणि दाबा म्हणून मीच सांगितलं होतं. योगसूत्रांत आसनावर एकूण सूत्रं किती? तीन. त्यातलं पहिलं ‘स्थिरसुखमासनम्’. स्थिर आणि सुखाचं. कपाळ कुठे टेकायचं याचा त्यात उल्लेख नाही.

ज्यांचं अंग आधीच लवचिक असतं त्यांना योगाचा फायदा उशिराच कळतो असं माझं मत झालंय. ती सहज वाकतात, त्यामुळे कुठे काय चाललंय याकडे बघायची गरजच पडत नाही. आखडलेल्या माणसाला दोन इंच वाकल्यावर शरीर काहीतरी सांगतं आणि ते ऐकावं लागतं. योगगुरू बी.के.एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले ते लहानपणच्या आजारांनी पोखरलेलं शरीर घेऊन. पुढे त्यांनीच लोड, विटा, पट्टे, खुर्च्या, दोऱ्या वापरून न वाकणाऱ्यांनाही आसनात बसवायची पद्धत घडवली. तुम्हाला विकत काही घ्यायला नको. सोलापुरी चादरीची जाड घडी, पट्ट्याच्या जागी सुती ओढणी, विटेच्या जागी जाडजूड शब्दकोश आणि एक भिंत. झालं.

तर अर्धा तास. वीस मिनिटं सकाळी, दहा रात्री.

सकाळी चहाच्या आधी. पोट रिकामं हवं, दोन घोट कोमट पाण्याने काही बिघडत नाही. पहिली दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं आणि मघाशी सांगितलेली यादी तपासायची: पायाची बोटं, गुडघे, पोट, खांदे, दाढा. दुरुस्त करायची घाई नको, कुठे धरलंय ते बघा. मग स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कडेवर दोन्ही तळवे ठेवा आणि पावलं मागे नेत नेत कंबरेतून वाका, हात आणि पाठ एका रेषेत लांब होईपर्यंत. पाय कंबरेच्या बरोबर खाली. गुडघे हवे तर किंचित वाकवा. ओटा हातांनी हलकेच ढकला आणि माकडहाड मागे जाऊ द्या. याला अर्ध उत्तानासन म्हणा नाहीतर ओटासन, पण दिवसभर बसणाऱ्या पाठीला यासारखं दुसरं औषध मी पाहिलं नाही. तिथे सहा-सात श्वास. थांबून पुन्हा एकदा.

मग पालथं झोपून शलभासन, म्हणजे छाती आणि पाय एकदमच जमिनीपासून चार बोटं उचलायचे, मान लांब, नजर खाली. तीनदा. इथेच श्वास धरला जातो, म्हणून मी माझ्या वर्गात या आसनात मोठ्याने आकडे म्हणायला लावते, म्हणजे धरताच येत नाही. मग खुर्चीवर आडवं बसून, खुर्चीची पाठ हातांनी धरून, दोन्ही बाजूंना पीळ. पीळ बरगड्यांतून आला पाहिजे, मान शेवटी वळते. मग उताणं झोपून सेतुबंधासन, म्हणजे गुडघे दुमडून, पावलं जमिनीवर ठेवून कंबर उचलायची, पाच-सहा श्वास, दोनदा. शेवटी पाच मिनिटं शवासन. सूर्यनमस्कार पहिले सहा आठवडे नको. नंतर तीनपासून सुरू करा आणि बारावर समाधान माना. रथसप्तमीला एकदम १०८ घालून दुसऱ्या दिवशी जिना उतरता न येणारी मंडळी मी दरवर्षी बघते.

रात्री, झोपायच्या आधी, विपरीत करणी. भिंतीपासून वीतभर अंतरावर चादरीची घडी ठेवा, तिच्यावर एका कुशीने बसा आणि पाय भिंतीवर फिरवत पाठ जमिनीला टेकवा. कंबर घडीवर, खांदे जमिनीवर. मांडीचे मागचे स्नायू ओढत असतील तर भिंतीपासून आणखी लांब सरका. तिथे पाच मिनिटं चार-सहाचा श्वास. चार-सहाने दम लागल्यासारखं वाटलं तर तीन-चार करा, ताणून मोजण्यात काही अर्थ नाही. मग पाय उतरवून पाच मिनिटं शवासन, डोक्याखाली पातळ घडी, डोळ्यांवर रुमाल.

शवासनात पहिले काही दिवस हाताची बोटं आपोआप उडतील, पापण्या थरथरतील. पतंजलींची ‘अंगाची थरथर’ ती हीच. पहिल्या आठवड्यात ती कळते, दुसऱ्या-तिसऱ्यात कमी होते. सगळ्यात अवघड आसन कोणतं असं कुणी विचारलं तर मी शवासनच सांगते. लोकांना वाटतं बाई विनोद करतायत.

तीनला जाग आलीच तर मोबाइल बघू नका, वेळसुद्धा बघू नका. ‘तीन तास राहिले, दोन तास राहिले’ हा हिशेबच झोप पळवतो. उताणं पडून हात पोटावर ठेवा आणि फक्त उच्छ्वास मोजा, एक ते दहा, पुन्हा एकपासून. झोप लागली तर उत्तम. नाही लागली तरी तो तास कुढण्यात न जाता विश्रांतीत जातो आणि सकाळचा फरक तुम्हाला जाणवेल. माझ्या अनुभवात झोपेत फरक तीन-चार आठवड्यांत पडतो, पाठीत सहा ते आठ.

चिडचिडीचं गणित वेगळं. ती कमी झाली हे आधी घरच्यांना कळतं. एका शाळेत शिकवणारी माझी विद्यार्थिनी चौथ्या महिन्यात सांगत होती, ‘काल भाजी करपली. मी ओरडणार, तेवढ्यात माझे खांदे वर गेलेले मला कळले.’ पुढे काय झालं विचारलं, तर म्हणाली, ‘खांदे खाली आणले. मग ओरडले, पण कमी.’ मला त्या ‘पण कमी’चं फार कौतुक वाटलं. मधल्या दोन सेकंदांची जागा तयार झाली होती. सकाळी ओट्यापाशी उभं राहून दाढा तपासायच्या त्या या दोन सेकंदांसाठी.

काही गोष्टी स्पष्टच सांगते. या वयात पाळीचं चक्र बदलायला लागतं. मध्यरात्री जाग, घाम, चिडचिड हे त्याचंही असू शकतं आणि थायरॉइडचं, रक्त कमी असण्याचंही. आधी डॉक्टरांना दाखवून रक्ततपासणी करा, योग त्याच्या बरोबरीने चालू द्या. दुखणं कंबरेतून गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर पुढे वाकायचं सगळं बंद आणि डॉक्टर. लघवीवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी रुग्णालय. काचबिंदू असेल तर डोकं खाली आणि पाय वर असं काही करायचं नाही, विपरीत करणीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाब असेल तर कपालभाती नको. टीव्हीवर बघून अर्धा अर्धा तास कपालभाती करणाऱ्यांना चक्कर येते, मग तेच लोक सांगत सुटतात की योग सोसत नाही. आणि योगाने मधुमेह मुळापासून जातो, गोळ्या बंद करा असं सांगणारा भेटला तर त्याच्या क्लासची फी भरू नका.

क्लास की व्हिडिओ? सुरुवातीचे दोन-तीन महिने माणूस समोर हवा. व्हिडिओतली बाई सुरेख दिसते, पण तुमच्या पायाची पांढरी पडलेली बोटं तिला दिसत नाहीत. शिक्षक कसा ओळखायचा? पहिल्या दिवशी आसनाआधी तो तुमच्या दुखण्यांबद्दल विचारतो, अंगावर जोर देऊन दाबत नाही आणि वेळ कमी पडला तर एखादं आसन कापतो, शवासन कापत नाही. एवढं असलं तर प्रमाणपत्रं बघायची गरज नाही.

दोनदा सुटलं त्याचं मनावर घेऊ नका. माझ्या गच्चीवर २१ जूनच्या, म्हणजे योगदिनाच्या, आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते आणि गणपती गेले की निम्म्या सतरंज्या मोकळ्या. सुटतं ते बहुधा एकाच कारणाने: तासाभराचा बेत केलेला असतो, एक दिवस तास मिळत नाही, मग त्या दिवशी काहीच होत नाही, असे चार दिवस गेले की लाज वाटून क्लासच बंद. पाहुणे आलेत, पाळी आहे, उशीर झालाय, तर नुसतं ओट्यापाशी दोनदा वाका आणि तो दिवस झाला असं धरा. अभ्यास पक्का कशाने होतो ते सांगताना पतंजलींनी तीन शब्द घातलेत: दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने. किती तास, हे त्यांनीही सांगितलेलं नाही.

एक राहिलं. तुमची चिडचिड रास्तही असू शकेल. दहा-बारा तास घराबाहेर राहून आल्यावर स्वयंपाक, डबे, सासू-सासऱ्यांची औषधं हे सगळं एकटीवर असेल तर श्वास कितीही लांबवला तरी कामाची वाटणी बदलत नाही. शांत झाल्यावर एवढंच होतं की ती मागणी न रडता, न ओरडता करता येते. माझ्याकडच्या एकीने सहा महिन्यांनंतर नवऱ्याला शांतपणे सांगितलं की सकाळचा चहा आणि मुलाचा डबा यापुढे तुझ्याकडे. ते गृहस्थ मला भाजीबाजारात भेटले की अजून तक्रारीच्या सुरात नमस्कार करतात.

उद्या सकाळी सुरू करा. पहिल्या दिवशी शवासनात मन दहा ठिकाणी जाईल, जाऊ दे. फक्त कुकर लावून आडव्या होऊ नका. एक तर शिट्ट्या मोजत बसाल, नाहीतर झोप लागेल आणि वरण करपेल.